ड्रायव्हरवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक असतातच. कुणाकडे लॅपटॉपला ब्लूटूथ स्पीकर जोडलाय आणि भीमसेनांचा अभंग ऐन तानेत तुटतोय, एवढं कानावर आलं की हे गृहस्थ हजर. चहाला हो-नाही न म्हणता खुर्ची ओढतात आणि निदान सांगतात, ‘ड्रायव्हर जुना आहे.’ लॅपटॉप कोरा करकरीत असला, तर ‘कंपनीनेच ड्रायव्हर जुना टाकलाय.’ ड्रायव्हर सकाळीच अपडेट झालाय म्हणावं, तर ‘मग नवाच गंडलाय, जुना टाकू.’ कुठल्याच बाजूने सुटका नाही असं निदान पूर्वी फक्त साडेसातीचं होतं.

गंमत अशी की काकांचा इलाज बहुतेकदा लागू पडतो. फक्त त्याचं कारण काका सांगतात ते नसतं. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. घरातला वाय-फाय बऱ्याचदा तिथेच असतो, आणि चालू मायक्रोव्हेवमधून थोडं काही निसटतं तेही तिथेच. या गर्दीतून वाट काढायला ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून गजबजलेले चॅनेल टाळायलाही शिकलंय. पण लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर नांदतात. मोठी फाइल उतरत असेल, तर अभंगाला थांबावं लागतं. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर बघायलाच नको. तिची केबल आणि सॉकेट नेमका याच पट्ट्यात गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ साली हे मोजून मांडलं आहे.

यावर कुणी म्हणेल, काका ड्रायव्हर टाकतात आणि आवाज सुधारतो, याहून वेगळा पुरावा कशाला? पण ड्रायव्हर टाकण्याआधी काका काय काय करतात तेही पाहावं. ‘आधी सगळं काढा’ म्हणत हार्ड डिस्क उपटतात. डाउनलोड थांबवतात. मागे उघडी राहिलेली ऑफिसची मीटिंग बंद करतात. स्पीकरचा माइक वापरात असला की ब्लूटूथ फोनच्या दर्जावर उतरतं आणि भीमसेन डब्यातून गायल्यासारखे वाटतात, ते दुखणंही त्यात जातं. मग मशीन रीस्टार्ट. एवढं झाल्यावर ड्रायव्हरऐवजी सत्यनारायण घातला असता तरी आवाज सुधारला असता. ड्रायव्हर कधीच दोषी नसतो असंही नाही. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर तो बिनसतो. कधी वीज वाचवण्यासाठी ब्लूटूथ झोपवायची खूण डिव्हाइस मॅनेजरमध्ये राहून गेलेली असते, ती काढली की भागतं. पण स्पीकर हातभर सरकवल्यावर आवाज बदलत असेल, तर दोष हवेतला, ड्रायव्हरचा नव्हे. शिवाय माणसाच्या अंगात पाणी फार, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. लॅपटॉप आणि स्पीकरच्या मधोमध उभं राहून काका ‘बघा, अजून तुटतोय’ म्हणतात तेव्हा अडथळा बऱ्याचदा स्वतः काकाच असतात.

तरी एक मान्य करावं लागतं. कस्टमर केअर नऊ आकडे दाबायला लावून ‘रीसेट करा’ सांगतं. काका रात्री साडेनऊला पायात स्लिपर अडकवून येतात, पैसे घेत नाहीत, आणि गाणं सुरळीत झाल्यावरही उठत नाहीत. त्यांच्याकडेही मुलाने परदेशातून पाठवलेला चांगला स्पीकर असतो, बहुधा खोक्यातच. एकट्यासाठी काय लावायचा? तेव्हा त्यांना बोलवाच. हार्ड डिस्क आधीच काढून ठेवा, वाय-फाय जमलं तर ५ गिगाहर्ट्झवर घ्या, श्रेय खुशाल ड्रायव्हरला द्या, आणि काकांची खुर्ची तेवढी स्पीकरच्या वाटेत मांडू नका.