सिक्लिडची पैदास : धामणगाव बढे येथील नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका मोताळा तालुक्यातल्या, त्यातही धामणगाव बढे गावातल्या होतकरू मंडळींसाठी आहे. शेततळ्यात रोहू-कटला सोडून अनुदान पदरात पाडायचं असेल तर इथेच थांबावं. तो विषय वेगळा, त्याला पाणी कमी आणि कागद जास्त लागतात. आपल्याला घरात, काचेच्या टाकीत सिक्लिड माशांची पिल्लं काढायची आहेत. यात उत्पन्न नाही, अनुदान नाही आणि सातबाऱ्यावर नोंदही होत नाही. एवढं वाचूनही पुढे जात असाल तर तुम्ही या छंदाला लायक आहात.

मासा कोणता घ्यावा

सिक्लिडचं खानदान मोठं, दीड हजारांहून जास्त जातींचं. पाहुण्यांसमोर डिस्कस, एंजल, ऑस्कर अशी नावं घ्यावीत. उजनीची चिलापी याच खानदानातली आणि गोव्यात तळून खातात तो कालुंदरही सिक्लिडच, हे मात्र सांगू नये. लगेच मसाला कोणता यावर चर्चा सुरू होते आणि टाकीकडे बघण्याची नजर कायमची बदलते.

वास्तुवाले फ्लॉवरहॉर्न सुचवतील. कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झाला. तो असला की घरात लक्ष्मी येते, असं सांगून विकतात. पैदाशीला मात्र तो बिनकामाचा. बरेच नर वांझ निघतात आणि शेजारी दुसरा मासा सोडला की बांधावरच्या भांडणासारखं होतं. कोर्ट नसल्यामुळे निकाल तेवढा लवकर लागतो.

डिस्कस दिसायला राजबिंडा, पण त्याला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं, म्हणजे आरओचं. ज्या घरात माणसांच्या पिण्याचा जार विकत येतो, तिथे माशांसाठी दुसरा जार लावल्यास स्वयंपाकघरातून येणाऱ्या प्रतिक्रियेची जबाबदारी आम्ही घेत नाही.

राहिले दोन. एक मध्य अमेरिकेतला कन्व्हिक्ट, अंगावर काळे पट्टे असलेला. दुसरा मलावी सरोवरातला पिवळाधमक यलो लॅब. नवशिक्याने यांतच राहावं.

पाणी

आपल्याकडे बोअरच्या पाण्याला सगळे शिव्या घालतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो, आणि केस गेले तरी दोष पाण्याचाच. तर मंडळी, हेच पाणी यलो लॅबला हवं आहे. मलावी सरोवराच्या पाण्याचा सामू साधारण ७.८ ते ८.६ असतो. पुण्या-मुंबईचे हौशी लोक टाकीत कोरल-शिंपल्यांचा चुरा टाकून सामू चढवत बसतात, आपल्याकडे ते काम काळ्या बेसाल्टने आधीच करून ठेवलंय. आपलं पाणी मलावीपेक्षा जडच भरेल, पण हा मासा कुरकुर करत नाही. बोअरचं पाणी उपसल्या उपसल्या टाकीत ओतायचं नाही, एवढंच पाळा. त्यात प्राणवायू कमी असतो. पिंपात एक दिवस ठेवून पंपाने हवा द्यावी.

नळाचं पाणी वापरत असाल तर ग्रामपंचायतीचा शिपाई आपल्या ओळखीचा असावा. गावच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर पडली त्या दिवशी माशांचं पाणी बदलू नये. क्लोरीनने कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात.

बुलढाणा जिल्हा म्हटल्यावर कुणीतरी लोणारच्या खाऱ्या सरोवराचा विषय काढणारच. तिथलं पाणी चालेल का? केनियातल्या मगाडी सरोवरात सामू दहाच्या आसपास असलेल्या पाण्यात, चाळीस अंशांच्या गरम झऱ्यांत राहणारी एक टिलापिया आहे, आणि तीही सिक्लिड आहे. पण आपण तिला पाळत नाही. शिवाय लोणार २०२० पासून रामसर यादीत आहे. कॅन घेऊन कडेला उतरलेल्या माणसाला वनखातं वैज्ञानिक समजेलच असं नाही.

टाकी आणि सहा आठवडे

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत २५० लिटर पाणी मावतं. दगड आणि काच धरून वजन तीनशे किलोंच्या वर जातं. टीव्हीच्या शोकेसवर ही टाकी ठेवायची कल्पना घरातल्या प्रत्येकाला सुचेल. प्रत्येकाला नाही म्हणावं.

टाकी भरून, फिल्टर लावून मग थांबायचं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं आठवड्याला पाणी बदललं की भागतं. ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकीत पाणी, दगड आणि बुडबुडे सोडून काही नसतं. चिमूटभर माशांचं खाद्य तेवढं टाकायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो.

शास्त्र सोपं आहे, लोक अवघड आहेत. "काय भाऊ, टाकी खालीच ठेवून राहिले काय?" हा प्रश्न रोज येईल. कुणी वाकून दगडांमागे मासा शोधेल, सापडत नाही म्हणून काचेवर टिचक्या मारेल. बाहेरगावचे काका "लाजरा दिसते" म्हणून निघून जातील, त्यांना दुरुस्त करू नये. नायट्रिफिकेशन समजावून सांगायच्या फंदात पडलात तर सहाव्या वाक्याला तुमच्या लग्नाचा विषय निघतो.

उन्हाळा

घाटाखालचा मे महिना या माशांच्या कुंडलीत नाही. त्यांना २४ ते २८ अंश लागतात, बाहेर ४३ असतात, आणि पाणी जसं तापतं तसा त्यातला प्राणवायू कमी होतो. टाकीचं झाकण उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅनचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. बर्फाचे खडे टाकू नयेत. भारनियमनाच्या वेळी हवेचा पंप इन्व्हर्टरवर घ्यावा. इन्व्हर्टरवर एकच पंखा चालत असेल तर तो माशांवर ठेवायचा की वडिलांवर, याचा निर्णय एप्रिलमध्येच, सगळे शांत असताना करून घ्यावा.

प्रत्यक्ष वीण

यलो लॅबच्या एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात, नाहीतर एकीलाच सगळा जाच होतो. बाकी तुम्हाला काही करायचं नाही. सपाट दगडावर नर थरथरत गोल गोल फिरू लागला की खुर्ची ओढून बसा, जेवायला बोलावलं तरी उठू नका. मादी दोन-तीन अंडी घालते, लगेच वळते आणि तोंडात उचलते. नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखे गोल पिवळे ठिपके असतात. तो ते पर तिच्यापुढे पसरतो, ती अंडी समजून तेही टिपायला जाते, आणि तेवढ्यात त्याचं वीर्य तिच्या तोंडात गेलेलं असतं. अंडी फळतात ती तिथेच, तोंडात. पुन्हा वळसा, पुन्हा दोन अंडी. तासभर हे चालतं आणि शेवटी मादीचा गळा सुपारी धरल्यासारखा फुगतो.

इथून पुढे सुमारे तीन आठवडे ती अंडी आणि मग पिल्लं तोंडात सांभाळते आणि जवळपास काहीच खात नाही. खाद्य टाकलं की बाकीचे तुटून पडतात, ही कोपऱ्यात उभी राहून आतल्या आत अंडी फिरवत राहते.

घरातलं वातावरण फिरतं ते याच तीन आठवड्यांत. आतापर्यंत "नुसती लाइट जाळणं" एवढंच मत असलेली आजी चष्मा लावून टाकीपुढे येते. "उपास धरला वाट्टे बाईनं." आजी स्वतः एकादशी, चतुर्थी आणि शेगावला जायचं ठरलं की गुरुवार धरणारी. मासळी आणि उपास हे दोन शब्द या घरात आजवर एका वाक्यात आले नव्हते. त्यानंतर टाकीजवळ मोठ्याने बोलायला पोरांना बंदी होते, वीज गेली की इन्व्हर्टरचा प्रश्न आपोआप सुटतो. ही संधी साधून दुसऱ्या, लहान टाकीचा विषय काढावा. मादीला पिल्लं सोडायला वेगळी जागा लागतेच.

कन्व्हिक्टची गोष्ट उलटी. मादी ओळखायला सोपी, पोटावर केशरी झाक असते. टाकीत मातीची लहान कुंडी आडवी ठेवली की जोडी ती ताब्यात घेते, आतल्या भिंतीवर शे-दोनशे अंडी चिकटवते आणि दोघं मिळून राखण करतात. तीनेक दिवसांत अंडी फुटतात, आठवडाभरात पिल्लं पोहू लागतात आणि आई-बाप त्यांचा थवा पुढे घालून फिरवतात. भटकलेलं पिल्लू बाप तोंडात धरतो आणि थव्यात आणून थुंकतो. बघणाऱ्याचे डोळे भरून येतात.

मात्र पहिल्या खेपेला, किंवा रात्री अचानक दिवा लावला, कुणी काचेवर हात मारला, तर हीच जोडी सगळी अंडी खाऊन मोकळी होते. याची कल्पना घरात आधी दिलेली बरी. "खाल्ले? आपलेच लेकरं? माय वं!" म्हणत आजी जी उठते, ती मग पंधरा दिवस टाकीकडे पाठ करून बसते. धोका दिसला तर अंड्यांत गेलेली ताकद वाया जाऊ द्यायची नाही, हा माशाचा हिशेब. आजीला तो सांगून उपयोग होत नाही. यलो लॅबची मादी दाखवावी आणि विषय बदलावा.

पिल्लांचं खाणं

पोळीचा चुरा नको, बिस्किट नको, कणकेच्या गोळ्या तर मुळीच नकोत. ते पुण्य नदीवर करावं. पिल्लांना आर्टेमिया लागतो. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम साधं खडेमीठ, त्यात आर्टेमियाची अंडी, आणि बाटलीत सतत हवा सोडायची. २४ ते ३६ तासांत टाचणीच्या टोकाएवढे केशरी जीव वळवळू लागतात. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्यावेत. बाटलीवर ठळक अक्षरांत काहीतरी लिहा. मे महिन्यात शेतातून आलेला माणूस ओट्यावरची केशरी बाटली सरबत नाही, हे गृहीत धरत नाही.

पिल्लांचं काय करायचं

पहिल्या खेपेची पिल्लं गावात हातोहात जातात. शेजारी बरणीत नेतात, मास्तर शाळेसाठी मागतात. दुसऱ्या खेपेला तुम्ही मोताळ्याच्या पाहुण्यांना फोन करता. तिसऱ्या खेपेला तुम्ही हातात पिशवी घेऊन येताना दिसलात की लोक अंगणातून आत जातात. कन्व्हिक्टची जोडी महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तयार असते, गावाची लोकसंख्या तेवढ्या वेगाने वाढत नाही.

कुणीतरी समजूतदारपणे म्हणेल, नळगंगेत सोडून द्या. नाही. विहिरीतही नाही, शेततळ्यातही नाही. १९५२ साली मोझांबिक टिलापिया भारतात आणली ती चांगल्या हेतूनेच, स्वस्त मासा मिळावा म्हणून. तीही पिल्लं तोंडात वाढवते, कसल्याही पाण्यात जगते, आणि देशातल्या कितीतरी तलावांत तिने देशी माशांचा घास आणि जागा दोन्ही घेतलं. ती सिक्लिड होती आणि तुमच्या पिशवीतही सिक्लिडच आहे.

राहतो तो दुकानदार, मलकापूरचा किंवा बुलढाण्याचा. रात्री पिल्लं उपाशी ठेवा म्हणजे प्रवासात पाणी घाण होणार नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि एसटीत ती मांडीवर घ्या, बोनेटजवळ ठेवू नका. दुकानदार पिशवी उजेडात धरतो आणि म्हणतो, कन्व्हिक्टला गिऱ्हाईक नाही. यलो लॅब असतील तर ठेवतो. पैशांऐवजी तो खाद्याचं पाकीट पुढे करतो, ते घ्यावं.

कन्व्हिक्टची वीण थांबवायची म्हणून बरेच जण कुंडी काढून घेतात. मग मादी दगडावर अंडी घालते, दगड काढला तर काचेवर, काच पुसली तर फिल्टरच्या पाइपवर. खात्रीचा उपाय एकच, नर आणि मादी वेगवेगळ्या टाक्यांत. तिसरी टाकी त्यासाठी लागते, आणि तिच्या काचेचा भाव विचारायला तुम्ही दुकानात गेलात की दुकानदार विचारतो, "नर एकटाच आहे का तुमचा? मादी देऊ एखादी?"