पडवीतल्या दोघींबाबत

मा. नियमकर्ते साहेब,

(महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मुलींना अजून परीक्षा द्यायच्या आहेत.)



‘वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थिनींसाठी नियम’ हे आपलं तीन पानी पत्रक पोचलं. मथळा फार आवडला. बाहेर राहायचं तर आधी आत असावं लागतं, आणि आपल्याकडे तर वसतिगृहच नाही. तरी आपण बाहेर किती बाजूंनी असतं याचा इतका खोल विचार केलात, याचं एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका म्हणून मला कौतुक आहे.

मी तळा गावात राहते. माझ्या पडवीत आपल्या दोन विद्यार्थिनी राहतात, कारण त्यांच्या गावची एसटी तळ्याला पोचते तेव्हा आपला पहिला तास संपलेला असतो आणि आपल्याला हजेरी हवी 75 टक्के. भाडं दोघींचं मिळून महिना आठशे.

हमीपत्रातला रकाना चार : ‘घरमालकाचे नाव, मालकीचा पुरावा व सही.’ घर माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. ते 1987 साली गेले. घरपट्टी अजून त्यांच्याच नावे येते. वारस नऊ. त्यातले दोन डोंबिवलीला, तीन विरारला, एक बडोद्याला. उरलेल्या तिघांचं आपसात बोलणं नाही. सगळे एकत्र येतात ते गणपतीत. तेव्हा सह्यांचा कागद काढला तर उकडीचे मोदक कोण खाणार?

साहेब, जवळच कुड्याची लेणी आहेत, 26. भिक्षूंच्या निवासासाठी कोणी माळ्याने, कोणी वैद्याने दान दिलं, ते दगडात कोरून ठेवलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या खोल्यांचे कागद आमच्या पडवीपेक्षा साफ आहेत. मुलींना तिकडे हलवू का, कळवावे.

रकाना पाच : नोंदणीकृत भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. आमचा तळा तालुकाही 1999 चाच. त्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. सासऱ्यांना कुठून धरून आणणार हा प्रश्न पोलिसांचा.

हसण्यावारी नेते आहे, पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. दोघींतली एक ओबीसी आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अशा मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून तालुक्याच्या ठिकाणी वर्षाला 38,000 रुपये आहेत. माझं वर्षाचं भाडं 9,600. उरलेल्या पैशात तिची पुस्तकं, खाणं आणि घरी चार पैसे एवढं सगळं बसतं. पण तिथेही आधी भाडेकरार दाखव म्हणतात. थोडक्यात, माझे सासरे गेल्यामुळे तिची मदत अडली आहे.

नियम सात : ‘सायंकाळी सातनंतर विद्यार्थिनी खोलीबाहेर आढळल्यास घरमालकाने तत्काळ दूरध्वनी करावा.’ आमचं न्हाणीघर परसात आहे, त्यामुळे त्या रोजच आढळतात. फोनला रेंज येते ती विहिरीच्या कठड्याशी, म्हणजे कळवायला मलाही सातनंतर बाहेर पडावं लागेल. मला कोणी कळवायचं?

नियम नऊप्रमाणे ये-जा करणाऱ्यांची वही ठेवली आहे. मागच्या आठवड्याची नोंद : मंगळवार, 7.40, वीज गेली. बुधवार, 6.15, वीज आली. गुरुवार, शेजारची सून, विरजण मागायला.

आपण एकदा जुलैत या. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते. ओढणी तीन दिवस वाळत नाही. मग ती चुलीवरच्या दोरीवर टाकतात. वर्गात धुराचा वास येतो म्हणून दोघी मागच्या बाकावर बसतात. तीन पानांत या ओढणीबद्दल एक ओळ नाही. ‘खोलीत स्वयंपाक करू नये’ आहे. ताई, मग जेवायचं काय, असं धाकटीने विचारलं तेव्हा मी पत्रक उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

हमीपत्र सोबत जोडलं आहे. ‘वर्तनाची हमी’ इथे मी सही केली आहे, ती आनंदाने. मुली चांगल्या आहेत. मालकाची जागा कोरी ठेवली आहे. तिथे आपणच सही करावी, आणि आपलं वसतिगृह उभं राहिलं की कळवावं. दोघींच्या वळकट्या मी स्वतः आणून पोचवीन.

आपली,
पडवीवाली