साखर = मीठ

प्रोग्रॅमिंग मी चांगलं शिकवतो. हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही, मीच सांगत असतो. सकाळी कॉलेजात बीएस्सीची मुलं आणि संध्याकाळी क्लासला जो येईल तो: आयटीआयचा पोरगा, बँकेतून निवृत्त झालेले काका, बारावीला 'बायफोकल' घेऊन पस्तावलेली मुलगी आणि लेकानं पुण्याहून लॅपटॉप पाठवला म्हणून "आता शिकतेच" म्हणत आलेल्या काकू. या सगळ्यांना एका दमात व्हेरिएबल समजेल असं उदाहरण माझ्यापाशी आहे. व्हेरिएबल म्हणजे डबा. वर नाव, आत माल. एवढं बोलून मी जरा थांबतो. टाळ्या आजवर पडलेल्या नाहीत, पण आपण जागा सोडावी.

"आता बघा, एक्स बरोबर वाय. म्हणजे वायच्या डब्यातलं एक्सच्या डब्यात आलं."

"म्हणजे वायचा डबा रिकामा झाला," काकू म्हणाल्या.

"नाही काकू, वायमध्येही तेवढंच राहतं."

"असा डबा कुठं मिळतो हो सर?"

वर्ग हसला. माझ्या विनोदांना हा वर्ग कधी हसलेला नाही. उदाहरण फार ताणायचं नसतं, असं मी म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "डबा तुम्हीच काढलात."

तेवढ्यात बायफोकलवालीनं हात वर केला. 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' हे गणितात बसतच नाही. दोन्हीकडचे एक्स कापले की उरतं शून्य बरोबर एक. तिचं गणित चोख होतं, म्हणून मी काकांकडे वळलो. काकांना असले प्रश्न पडत नाहीत. वहीत उभ्या रेघा मारून ते प्रत्येक ओळीनंतर प्रत्येक व्हेरिएबलची किंमत लिहितात आणि शेजारी बारीक टिक करतात. असा शिस्तशीर ड्राय रन माझ्या सहकाऱ्यांनाही जमत नाही. यंत्राचं उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळलं नाही, तर काकांचा संशय यंत्रावर असतो.

सकाळच्या मुलांना कसलीच शंका नसते, कारण त्यांना जर्नल पुरं करायचं असतं. जर्नलबद्दल मला एकदा सविस्तर बोलायचंच होतं. तपकिरी कव्हर, उजवीकडे रेघांचं पान, डावीकडे कोरं. रेघांवर निळ्या पेनानं प्रोग्रॅम उतरवायचा आणि कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आउटपुट. म्हणजे यंत्राला जे क्षणात करता यावं म्हणून माणसानं प्रोग्रॅम लिहिला, ते पुन्हा माणसानं हातानं करायचं. काही जण आउटपुटभोवती पट्टीनं चौकट आखतात, स्क्रीनसारखी दिसावी म्हणून. एक मुलगी तर शेवटी कर्सरही काढते. दोन संख्यांची बेरीज करायची असते, त्या संख्या अख्ख्या बॅचच्या जर्नलात 5 आणि 7 असतात. पूर्वी कोण्या एका विद्यार्थ्यानं खरोखर प्रोग्रॅम चालवून 5 आणि 7 टाकले असावेत. तो आता कुठं असतो कोण जाणे, त्याची बेरीज मात्र मी दर वर्षी तपासतो. शिवाय जर्नलासारखा दयाळू संगणक दुसरा नाही. टर्बो सीमध्ये एक अर्धविराम राहिला की 'स्टेटमेंट मिसिंग' म्हणून निळा पडदा अडून बसतो. जर्नलात निम्मे अर्धविराम गायब असले, तरी डावीकडे 12 येतातच.

आणि टर्बो सी! बोरलँडनं तो 1987 साली बाजारात आणला. सी भाषेचं अमेरिकी प्रमाण ठरलं 1989 साली. म्हणजे आमचं सॉफ्टवेअर नियमांहून वयानं मोठं, त्यामुळे नियम त्याला विचारूनच बोलतात. नव्या विंडोजवर ते चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये घालून चालवावं लागतं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून ज्यांनी सी शिकली, ती मंडळी आता रिटायरमेंटच्या हिशोबाला लागली, पण 'व्हॉइड मेन' लिहिल्याखेरीज आमच्याकडे पोराला कुणी शहाणं म्हणत नाही. असो. जर्नल राहिलंच बाजूला.

2006 च्या सुमारास इंग्लंडमधल्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांचा एक निबंध शिक्षकमंडळींत फार फिरला होता. पहिल्या तासाच्याही आधी मुलांना विचारायचं: ए मध्ये 10, बी मध्ये 20, ए बरोबर बी केलं, आता कुणात किती? जो बरोबर असो की चूक, पण एकच नियम धरून सगळी उत्तरं देतो तो तरतो, बाकीचे बहुतेक बुडतात, असा त्यांचा दावा. मला तो निबंध अतिशय आवडला. माझ्याकडे नापास होणारी मुलं माझ्याकडे येण्याआधीच नापास होती, हे सिद्ध करणारं काहीतरी अखेर छापून आलं होतं. स्टाफरूममध्ये "काहींना कोडिंगचं डोकंच नसतं" हे वाक्य आम्ही चहाबरोबर घेऊ लागलो.

बोर्नाट यांनी 2014 साली तो दावा जाहीरपणे मागे घेतला. ते आमच्या स्टाफरूमपर्यंत पोचलं नाही. चहा चालूच आहे. निबंधात चुकीच्या नियमांची यादी होती, तीत एक नियम असा: बीमधलं एमध्ये जातं आणि बी शून्य होतो. म्हणजे काकू.

डोक्याच्या या गप्पांचा मला आता राग येतो. आयटीआयच्या पोराला 'हे तुझं काम नव्हे' असं दहावीपासून ऐकवलेलं. पडद्यावर 'एलव्हॅल्यू रिक्वायर्ड' आलं की तो कीबोर्डवरून दोन्ही हात उचलतो आणि आधी माझ्या तोंडाकडे बघतो. आजवर त्याच्याशी जे जे इंग्रजीत बोललं ते त्याच्यावर ओरडलंच, मग हेही ओरडलं असणार. त्यानं '5 बरोबर एक्स' लिहिलेलं असतं, बस. मी शेजारी जाऊन म्हणतो, "डावीकडे डबा लागतो रे, माल नाही." तो ओळ उलटी करतो आणि प्रोग्रॅम चालतो. ज्यांना माझ्या डब्याबद्दल शंका होती त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुढच्या आठवड्यात दोन व्हेरिएबलच्या किमतींची अदलाबदल होती. साखर बरोबर मीठ, मीठ बरोबर साखर, असं बहुतेकांनी लिहिलं आणि दोन्हीकडे मीठच झालं. काकूंनी वहीतून मान वर न काढता सांगितलं, "मधे एक वाटी लागेल."

सकाळी कॉलेजात मी तेच माझं म्हणून सांगितलं. इंट मीठ, साखर, वाटी. मुलांनी उतरवून घेतलं, पेनं थांबली, मीही थांबलो. यथावकाश ते अख्ख्या बॅचच्या जर्नलात गेलं, मीठ 5 आणि साखर 7. पुस्तकातलं 'टेम्प' जाऊन एका पिढीच्या वहीत आपली वाटी बसली, म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून एक्स्टर्नलच्या शेजारी बसलो. त्यांनी पहिल्याच मुलाचं जर्नल उघडलं, चष्मा वर केला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाटी काय आहे?"

मुलानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जर्नलाकडे.

"सर, कीवर्ड आहे."