उष्टावण : एक सामाजिक जबाबदारी

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं अन्न सुरू करा, असं डॉक्टर सांगतात. दोन चमचे मऊ भात, नाचणीची पेज, बस्स. वर्षाच्या आत साखर नको, हेही सांगतात. म्हणून तर आपण उष्टावणाच्या गोड खिरीत वरून केशर घालतो. एसी हॉल घेतो, हेही योग्यच. मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची, फोटोग्राफरने ‘परत एकदा’ म्हणायचं, बाळाने परत थुंकायची. मग दोनशे पाहुण्यांनी त्याच्या वतीने पनीर, जिलेबी, आइस्क्रीम पचवायचं. पहिल्या दातासाठी, पहिल्या ढेकरासाठीही हॉल आत्ताच बुक करावा. बाळाचं सहकार्य आहेच. मुहूर्ताची वाट न पाहता त्याने निमंत्रणपत्रिकेचा सोनेरी कोपरा चघळून गिळला होता.