लिंक सर

आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांना मुलं लिंक सर म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर आहे, ते तिथेच असू द्या. नगर जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगाला, जिथं पाऊस बेतानं आणि मोबाईलची रेंज त्याहून बेतानं येते, तिथं ते तीसेक वर्षं शिकवताहेत. काहीही विचारा, सर म्हणतात, "ग्रुपवर टाकलीय ना लिंक." नोट्सची लिंक, हजेरीची लिंक, अभिप्रायाची लिंक. मुलीच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा त्यांनी गूगल फॉर्मवर दिलं. 'जेवून जाणार', 'अक्षता टाकून जाणार' आणि 'इतर' असे तीन पर्याय होते. आमच्या हेडक्लार्कनी 'इतर' निवडलं. ते नेमकं काय करणार आहेत या काळजीत सरांचे व्याही आठवडाभर होते.

सर वर्गात शिरतात तेव्हा मास्तर आला की वायरमन, हे नव्या मुलांना पहिला आठवडाभर कळत नाही. खांद्यावर काळी सॅक. तिच्यात लॅपटॉप, पॉवर बँक, कॉलर माइक, एक्स्टेन्शन बोर्ड, व्हीजीएचं एचडीएमआय करणारं एक कन्व्हर्टर आणि एचडीएमआयचं व्हीजीए करणारं दुसरं. एवढं असून वर्गात लागतं ते तिसरंच. मग शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उठतो. त्याच्या घरचा डीजेचा धंदा आहे. तो कुठंतरी एक पिन काढून फुंकर मारतो, परत खुपसतो, आणि भिंतीवर मागणीचा वक्र उमटतो. या पोराला अर्थशास्त्राच्या अंतर्गत परीक्षेत नेहमी पैकीच्या पैकी मिळतात. मला यात गैर काही वाटत नाही. त्याच्याशिवाय इतरांना शून्यच मिळालं असतं.

खडू-फळा मेला, असं सरांनी आजवर बऱ्याच वेळा जाहीर केलंय. पहिल्यांदा ओएचपी आला तेव्हा. पारदर्शक कागदावर ते रंगीत पेनांनी आलेख काढून आणत आणि दिव्याच्या उष्णतेनं घामाघूम होत. मग २० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट आकाशात गेला. शिक्षणासाठी सोडलेला देशाचा पहिला उपग्रह. तबकडी बसायची म्हणून सरांनी गच्चीचा एक कोपरा झाडून ठेवला. तबकडी काही आली नाही, पण कोपरा स्वच्छ असल्यामुळे तिथं शिपाईमामा अजून मिरच्या वाळत घालतात. पुढं एलसीडी प्रोजेक्टर आला, मग मूडल, ९ जुलै २०१७ ला स्वयं, मग गूगल क्लासरूम. प्रत्येक वेळी सरांनी खडूचा डबा कपाटावर ठेवला आणि दिवाळीपर्यंत गुपचूप खाली काढला.

स्मार्ट बोर्डाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बोर्ड आला त्या वर्षी खंडेनवमीला मामांनी इमानानं त्याचीही पूजा केली आणि वरून झेंडूचा हार सोडला. हे बोर्ड इन्फ्रारेड किरणांवर चालतात. किरणांच्या आड जे येईल ते त्याला बोटच वाटतं. सरांनी 'राष्ट्रीय उत्पन्न' उघडलं तर पंख्याच्या वाऱ्यानं हलणाऱ्या झेंडूनं भराभर स्लाइडी पुढं सरकवल्या आणि 'धन्यवाद' या स्लाइडवर जाऊन हार थांबला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या थोड्या वेळात अख्खं प्रकरण संपवणारा शिक्षक त्यांनी पाहिला नव्हता.

नवनव्या अध्यापनपद्धतींचं सरांना विलक्षण वेड. 'थिंक-पेअर-शेअर' त्यांनी समजावून सांगितलं: आधी एकट्यानं विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग उत्तर सगळ्यांना सांगायचं. आमच्या मुलांना ही पद्धत परीक्षेपुरती आधीच अवगत होती. फक्त पहिली पायरी ते गाळत. मग 'फ्लिप्ड क्लासरूम' आली. व्याख्यानाचा व्हिडिओ घरी पाहायचा आणि वर्गात नुसती चर्चा करायची. घरी रेंज नव्हती म्हणून मुलांनी व्हिडिओ पाहिला नाही, आणि व्हिडिओ आहेच म्हणून ती वर्गात आली नाहीत. पद्धत दोन्ही बाजूंनी फ्लिप झाली. काहूटची प्रश्नमंजुषा घेतली त्या दिवशी प्रत्येकाला मोबाईल हातात घ्यावा लागला. प्राचार्य नेमके राउंडला निघाले होते आणि 'आवारात मोबाईल आढळल्यास जप्त' हा फलक त्यांनी स्वतः लावलेला. पहिला नंबर आलेल्या मुलीचं नाव पडद्यावर झळकत होतं आणि तिचा फोन प्राचार्यांच्या खिशात वाजत होता.

सरांचा सुवर्णकाळ २०२०. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि जे त्यांना आयुष्यभर हसले ते सगळे रात्री अकराला त्यांना फोन करू लागले, "सर, स्क्रीन शेअर कुठून करायची हो?" सरांनी हिशेबाची, मराठीची, एनसीसीची अशी सगळ्यांची खाती उघडून दिली, पासवर्ड लक्षात ठेवले, आणि मराठीच्या मॅडमना दर सोमवारी त्यांचा पासवर्ड पुन्हा सांगितला. झूमचा फुकटातला वर्ग चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडतो. बेल झाल्यावरही थांबायची सवय नसलेल्या आमच्या प्राध्यापकांना जे कुठल्याही प्राचार्यांना जमलं नाही ते झूमनं शिकवलं. त्या वर्षी सरांनी ऑनलाइन प्रमाणपत्रंही पोत्यानं मिळवली. दहा प्रश्न सोडवा, चार बरोबर आले की प्रमाणपत्र मेलवर. मत्स्यव्यवसाय, योग, बौद्धिक संपदा, कशाचंही. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो तिथल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडे मत्स्यव्यवसायाची तीन प्रमाणपत्रं आहेत.

आता यात सगळा दोष सरांचा, असं म्हणणं बरोबर नाही. कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या, १९९४ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या नॅकनं सात निकष दिले. त्यात दुसरा अध्यापनाचा. मुलांना केंद्रस्थानी ठेवून शिकवता का, तंत्रज्ञान वापरता का, असं त्यात विचारलंय. प्रश्न रास्त आहेत. फक्त उत्तराला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटोवर अक्षांश-रेखांश. म्हणून सरांच्या फोनात जीपीएस कॅमेरा आहे. गटचर्चा असली की आधी बॅनर लागतो, मग खुर्च्या गोलात, मग फोटो, मग दुसऱ्या अंगानं फोटो. तोवर तास संपतो. चर्चेला काय झालं? चर्चेची लिंक टाकलीय. कितीतरी फोटोंत मुलं एकाग्र होऊन एका कागदाकडे पाहताना दिसतात. तो कागद कँटीनचं दरपत्रक आहे हे मोठं करून पाहिल्याशिवाय कळत नाही. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा सरांनी एका रात्रीत सगळ्या पीपीटींच्या तळाची पट्टी बदलली. जुने बॅनर मामांनी मिरच्यांखाली अंथरले.

नॅकची समिती आली की सर 'नवोपक्रमांची भूमी' नावाचं सादरीकरण करतात. पहिली स्लाइड नेवाशाची: शके १२१२, पैसचा खांब, ज्ञानेश्वर सांगताहेत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत. खाली सरांचं शीर्षक, 'लेक्चर कॅप्चर'. दुसरी मिस फरार यांच्या नगरच्या शाळेची, जिथं सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. शीर्षक, 'फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम'. तिसरी एसटीच्या पहिल्या गाडीची, जी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर धावली. शीर्षक, 'रिमोट ॲक्सेस'. हसू येतं खरं, पण तिन्ही स्लाइडींतली माहिती बिनचूक आहे. एवढंच की तिन्ही वेळा बॅनर लावायचं कुणाला सुचलं नाही.

अलीकडे चॅटजीपीटी आलंय. चाळीस मुलांच्या स्वाध्यायात 'निष्कर्षतः' हा शब्द एकाच ठिकाणी आला तेव्हा सरांना संशय आला नाही. मुलांची भाषा सुधारली म्हणून त्यांनी मराठीच्या मॅडमचं अभिनंदन केलं. एकानं तर शेवटची ओळही उतरवली होती, "याचा सारांश तयार करून देऊ का?" सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, "हो, सोमवारपर्यंत."

हे सगळं स्टाफरूममध्ये रंगवून सांगण्याचं काम माझ्याकडे असतं, आणि सर समोर बसून माझ्यापेक्षा मोठ्यानं हसतात. एक गोष्ट मात्र मी तिथं सांगत नाही, कारण तिच्यात हसण्यासारखं काही निघत नाही.

दिवाळीच्या आसपास आमच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरात मागं कुणी नसलं की कॉलेजातली पोरगीही सोबत जाते, स्वयंपाकाला आणि धाकट्यांना सांभाळायला. हजेरीपटावर तिच्या नावापुढं मार्चपर्यंत टिंबं. तिच्याकडे लॅपटॉप नसतो, नेट रोजच्या रिचार्जपुरतं, आणि फोन बापाच्या खिशात. व्हिडिओ उघडत नाही, फॉर्म भरला जात नाही. अशा मुलांना सर व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात. सहा-सात मिनिटांचा, रोज एक. मी एकदा त्यांच्याबरोबर एसटीची वाट बघत होतो तेव्हा ऐकलं.

"हे बघ बाळ, तुम्ही सकाळी वाढं विकता त्याला एक भाव आणि अंधार पडल्यावर दुसरा. का? वाढं उद्यापर्यंत वाळणार, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. थांबता येत नाही त्याला भाव मागता येत नाही. आता हेच मजुरीला लाव. तुझ्या वडलांनी मुकादमाकडून उचल घेतलीय. ती फिटेपर्यंत दुसऱ्या टोळीत जाता येतं का? नाही. मग कोयत्याचा भाव कोण ठरवणार? पुस्तकात मोनोप्सनीचं प्रकरण आहे ना, ते तुमच्या कोपीसमोरच आहे. उद्या मला सांग, तिथं आणखी कोण कोण एकटाच विकत घेणारा आहे."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज होता आणि पोरीनं तीन उदाहरणं दिली होती. त्यातलं किराणा दुकानाचं उदाहरण चुकलं होतं, ते विकणाऱ्याच्या मक्तेदारीचं होतं. सरांनी पुढचा आवाज त्यावरच पाठवला.

मी म्हटलं, "सर, हे 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणून अहवालात घाला की." सर गोंधळले. म्हणाले, "यात आयसीटी कुठंय? नुसतं बोलणं आहे. आणि फोटो कसला काढायचा?" मग जरा विचार करून, "बॅनर फडात नेता येणार नाही."

माझ्या हिशेबी सरांच्या तीस वर्षांच्या नवोपक्रमांत हा एकच नवा आहे आणि नेमका तोच त्यांनी कुठं नोंदवलेला नाही. तेव्हा या बाजूच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावातली कॉलेजात नाव असलेली मुलं टोळीबरोबर गेली असतील तर त्यांचे नंबर त्यांच्या सरांना कळवा. आणि सरांना सांगा, आवाज रात्री साडेनऊनंतर पाठवा. त्याआधी फोन रिकामा नसतो.