पुण्यात कॉफीच्या बिया घेताना: सातारा-सांगलीकरांसाठी प्राथमिक माहिती

ज्यांच्या घरी कॉफी म्हणजे बरणीतली पूड, दोन चमचे साखर आणि फेटून फेटून दुखलेला हात, त्यांनी हे एकदा वाचावं. ज्यांच्या घरी कॉफी फक्त पाहुणे चहा घेत नसले तरच होते, त्यांनी दोनदा वाचावं.

अशा घरातला एखादा भाचा बाणेर-बालेवाडीला नोकरीला लागतो आणि दिवाळीला येताना चकलीच्या पिठाबरोबर गळ्यात वजनकाटा अडकवल्यासारखी भाषा घेऊन येतो. 'मामी, मी बीन्स आणल्यात. पंधरा ग्रॅम लागतील.' घाबरू नका. शहरात आता कॉफी भाजून विकणारी दुकानं निघाली आहेत. दिल्लीची ब्लू टोकाई २०१३ची, मुंबईचं सबको २०२०चं, नागपुरात कॉरिडॉर सेव्हन. पुण्यात तर कुठल्याही नव्या भागात फिरा, एक सापडतंच. पुण्याला गेलात की भाचा तुम्हाला तिथं नेणार. तयारीनं जा.

निघण्यापूर्वी

आपल्याकडची बहुतेक कॉफी येते चिकमगळूर आणि कोडगूकडून. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या, त्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी तिथली कथा. तिकडून पुण्याला येणारा माल हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत महामार्गानंच येतो. म्हणजे कराड आणि साताऱ्याच्या उशाला लागून ही पोती पुढं जातात, पुण्यात भाजली जातात, आणि तुम्ही खंबाटकी चढून-उतरून ती परत आणता. यावर फार विचार करू नका. गाडी लागते.

साताऱ्याच्या माणसाला इथं एक प्रश्न पडतोच, तो दुकानात विचारण्यापेक्षा आधीच मिटवलेला बरा: मग महाबळेश्वरला का लावत नाहीत? उंची आहे, थंडावा आहे. पाचगणीच्या रस्त्याला जे सिल्व्हर ओक दिसतात, तेच कर्नाटकातल्या मळ्यांत सावलीला आणि मिरीचा वेल चढवायला लावतात. पण कॉफीला मार्च-एप्रिलमध्ये एखादी सर हवी असते, ती पडली की झाड फुलतं. महाबळेश्वरचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर, तोही जवळजवळ सगळा पावसाळ्यातच कोसळून मोकळा होतो. महाराष्ट्रात कॉफी बघायचीच तर थेट चिखलदऱ्याला जावं लागतं.

दुकानात शिरल्यावर

आत खुर्च्या उंच असतील आणि पाय लोंबकळतील. लोंबकळू द्या. काउंटरवरची मुलगी 'पोअर ओव्हर की एस्प्रेसो' असं विचारेल. पहिल्यात गाळणीच्या कागदावर हळूहळू गरम पाणी ओततात, दुसऱ्यात यंत्र दाबानं अर्क काढतं आणि वाटीभर पैशांत बोटभर कॉफी देतं. भूक लागली असेल तर दोन्ही घेऊ नका.

मग मागच्या बाजूला बघा. काचेपलीकडं एक पिंप फिरत असेल आणि समोर लॅपटॉप उघडा असेल. हिरवट बिया त्यात दहा-बारा मिनिटं भाजतात. दोनशे अंशाच्या आसपास आल्या की तडतडायला लागतात, त्याला तिथं 'फर्स्ट क्रॅक' म्हणतात. त्या क्षणी भाजणारा माणूस कुणाशीही बोलत नाही. बोलायला जाऊ नका, माल जळाला तर खापर तुमच्यावर.

तुमच्यासोबत सांगलीच्या मार्केट यार्डातले एखादे हळदीचे अडते असतील, तर मात्र दुकानदारानं तयारीत राहावं. समजा असे एक मामा आले. मामा आधी बी हातात घेणार, दाताखाली धरून कट्कन तोडणार आणि आतला रंग बघणार. हळकुंड मोडून गाभा बघायची सवय ती, कुठंही गेलं तरी सुटत नाही. मग विचारणार, 'ओल किती?' भाजणारा चपापतो, कारण हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही. कच्च्या बीत दहा ते बारा टक्के. 'आणि भाजल्यावर घट?' साधारण पंधरा टक्के. मामा मान हलवतात आणि पाकिटाच्या दराचा हिशेब मनातल्या मनात उलटा लावतात.

इथपर्यंत सगळं जमतं. बिघडतं ते पुढं. मामांना 'पीबेरी' दाखवतात: फळात दोनऐवजी एकच बी धरली की ती गोल होते, ती वेगळी निवडून जास्त भावानं विकतात. हळदीत लांब हळकुंडाला भाव आणि गोल गड्ड्याला कमी, त्यामुळं मामांना हा उलटा कारभार पटत नाही. त्यानंतर कुणी 'मान्सून्ड मलबार' काढलीच तर संपलं. पूर्वी जहाजानं युरोपला जाताना बिया दमट हवेनं फुगून पिवळ्या पडायच्या, आणि गोऱ्यांना त्याच चवीची सवय लागली. आता मंगळूरकडच्या गोदामांत त्या मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरून ठेवतात. हरिपूरच्या हळदीच्या पेवांमध्ये हवा शिरू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या राबलेल्या लोकांसमोर हे बोलू नये. बोललात तर मामांना बाहेर नेऊन लिंबूपाणी द्या.

पाकीट वाचणं

पाकिटावर मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा वाण (एस. ७९५, सिलेक्शन ९ असं काहीतरी, उसाच्या वाणासारखं) आणि भाजल्याची तारीख असते. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तारीख नसेल तर पाकीट खाली ठेवा. पंधरा दिवसांच्या आतलं बघून घ्या. मळ्याचं नाव 'रत्नगिरी इस्टेट' दिसलं तर हापूसची चौकशी करू नका, तो मळा कर्नाटकातला आहे.

'वॉश्ड' म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली. 'नॅचरल' म्हणजे अख्खं फळच वाळवलेलं, उंच जाळीच्या मांडवांवर. तासगावच्या माणसाला याचा फोटो दाखवला की तो पहिला प्रश्न विचारतो तो बेदाण्याच्या शेडच्या भाड्याचा.

कॉफीला शंभरपैकी मार्क असतात, ८० किंवा त्याहून जास्त पडले की ती 'स्पेशालिटी'. दहावीचे निकाल बघत आलेल्यांना हे फार वाटणार नाही, पण बोलून दाखवू नका.

आता सगळ्यात अवघड भाग. पाकिटावर 'संत्र्याची साल, गूळ, डार्क चॉकलेट' असं लिहिलेलं असतं. यातलं आत काहीही घातलेलं नसतं. 'संत्री किती टक्के?' असं विचारलंत तर भाचा तुम्हाला पुन्हा आणणार नाही. चाखणाऱ्याला जे आठवलं ते लिहितात, आणि आठवायचं काय याचं एक रंगीत चक्र अमेरिकेतल्या संस्थेनं १९९५मध्ये काढलं, २०१६मध्ये सुधारलं. ते दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं असतं. चक्राकडं नीट बघा, आपल्या दोन्ही जिल्ह्यांना बरंच मिळालंय. स्ट्रॉबेरी आहे, म्हणजे महाबळेश्वर आलं. मनुका आहेत, म्हणजे तासगाव. शेंगदाणे आहेत. काकवी आहे, त्यामुळं गुऱ्हाळाशेजारी वाढलेल्या माणसाला तरी तिथं कुणी शिकवायला जाऊ नये. जायफळही आहे, आजी दुधाच्या कॉफीत जायफळ किसून घालायची, त्याला आता अडाणीपणा म्हणता येत नाही. रबर आणि पेट्रोलियमसुद्धा आहेत, ते दोष म्हणून.

हळद नाही. सांगलीकरांनी हे मनाला लावून घेऊ नये, २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेवढं पुरे.

दूध

दूध मागितलंत तर मुलगी क्षणभर थांबते आणि 'ही ब्लॅकच चांगली लागेल' असं नम्रपणे सांगते. सातारकर इथं माघार घेतो. सांगलीकरानं घेऊ नये. पुण्यात ज्या चितळ्यांच्या दुधाची सकाळी वाट बघतात, त्या चितळ्यांची डेअरी १९३९पासून भिलवडीची आहे. आपल्याच जिल्ह्यातलं दूध आपल्याच कपात घालायला परवानगी कसली मागायची? तरी एक घोट काळी पिऊन बघा. चांगली असेल तर गार होत जाताना कडूपणा मागं सरतो आणि गोडी पुढं येते. हे मात्र खरं आहे, थट्टा नाही.

दर

पाव किलोला पाचशे-सहाशे रुपये. किलोचा भाव काढू नका.

घरी आल्यावर

बिया दळूनच आणल्या तर पंधरवड्यात वास उडतो. म्हणून अख्ख्या आणा आणि रोज लागतील तेवढ्याच दळा. हातानं फिरवायचं ग्राइंडर मिळतं. ते घ्यायचं नसेल तर मिक्सर चालेल, पण लसणाच्या चटणीचं भांडं वापरू नका. ते कितीही घासलं तरी त्या चवीसाठी चक्रात अजून जागा केलेली नाही. पाणी उकळून अर्धा-एक मिनिट थांबा. पंधरा ग्रॅम पुडीला साधारण सव्वादोनशे ते अडीचशे मिलिलिटर पाणी. गाळणी नसेल तर तांब्यात पूड-पाणी एकत्र करून चार मिनिटं झाका आणि बारीक गाळून घ्या, कुणाला सांगू नका. पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. तिथं मेथी आणि लोणचं आहे. चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत थोडा थोडा टाका.

या दुकानांतले बरेच जण बिया घरपोचही पाठवतात, मिरजेला दोन-चार दिवसांत पाकीट येतं. ही गोष्ट भाच्याला सांगू नका. पुढच्या महिन्यात पुण्याला जायला दुसरं कारण शोधावं लागेल, आणि तुळशीबागेचं कारण या वर्षी दोनदा वापरून झालंय.