सभा झाली म्हणे!

"काय गं, झाली का काल ग्रामसभा?" मेंदीच्या कुंपणापलीकडून आक्कांनी हाक दिली. तिकडे त्या घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, इकडे माझे धुणे पिळणे चालले होते.

"झाली म्हणे."

"म्हणे काय? तू गेली होतीस ना?"

"गेले होते, म्हणूनच 'म्हणे' म्हणते. झेंडावंदन झालं, पोरांची भाषणं झाली, जिलेबी वाटून झाली आणि निम्मं गाव भांगलणीला पांगलं. कागदावर सभा अकराची. ग्रामसेवक भाऊसाहेबांची गाडी आली बाराला. त्यांच्याकडे आणखी एका गावाचा चार्ज, तिथलाही झेंडा उरकून आले. आल्या आल्या शिपायानं रजिस्टर फिरवलं. आधी सह्या, मग सभा."

"आणि सरपंचबाई?"

"होत्या की. खुर्चीत बसल्या होत्या. माइक त्यांच्या मालकांच्या हातात."

"2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या," आक्का शेंगेची शीर ओढत म्हणाल्या, "पण माइक अजून राखीव झालेला नाही. बरं, विषय काय होते?"

"पहिला नेहमीचा. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"वाचलं?"

"कायम केलं."

आक्का इतक्या हसल्या, की परसातल्या कोंबड्या दचकून पळाल्या. अंगणवाडीत त्यांनी उभी हयात काढली. सेविका म्हणून दर ग्रामसभेला हजर राहायचे, आणि तिथे जे ऐकले ते विसरायचे नाही, ही त्यांची जुनी खोड. गावात कुणाला नियम विचारायचा झाला, तर पंचायतीच्या पायऱ्या चढण्याआधी माणूस आक्कांच्या दारात येतो.

"मग वरच्या आळीतल्या त्या म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, घरकुलाच्या यादीत माझं नाव का नाही? मालक म्हणाले, यादी वरून आली. कुणी विचारलं, वर म्हणजे कुठून? तर म्हणे, विषयपत्रिकेला धरून बोला. तेवढ्यात गटाराचा विषय निघाला आणि दोन्ही पार्ट्या उभ्या राहिल्या. तुमच्या काळात किती खाल्लं, आमच्या काळात किती. कुणी कुणाचं आजोळ काढलं. माइक बंद पडला, म्हणजे पाडला. आणि भाऊसाहेबांनी वही मिटली. गणपूर्तीअभावी सभा तहकूब!"

"हां, इथं आहे खरी गोम." आक्का परात बाजूला सारून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "सभेला किती माणूस लागतं माहीत आहे? गावातल्या मतदारांपैकी 15 टक्के, नाहीतर 100, यातला जो आकडा कमी तो. आपल्या गावात मतदार बाराशेच्या वर. म्हणजे 100 माणूस हवं. जिलेबीच्या वेळी तेवढं होतं. बारापर्यंत ताटकळत ठेवलं की राहतं तीस-चाळीस. मग तहकूब. आणि तहकूब झालेली सभा परत भरली, की तिला गणपूर्ती लागतच नाही. पंधरा माणसं बसली तरी चालतात."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्यातरी आडवारी, दुपारी, दवंडी ऐकू येणार नाही अशी दिली जाईल. त्यांच्याच पार्टीची पंधरा डोकी जमतील. एक सूचक, एक अनुमोदक, आणि खाली 'ठराव सर्वानुमते मंजूर'. त्या सर्वांत तू आलीस, मी आले, त्या म्हाताऱ्या मावशीही आल्या."

मला काही सुचेना. "मग सभा घेतातच कशाला?"

"घ्यावी लागते गं. वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्यायच्या, असं कायदाच सांगतो. सबळ कारण नसताना सभा चुकवली तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, भाऊसाहेबांवरही कारवाई होते. त्यामुळे सभा चुकत नाही. कायदा सभा न घेण्याबद्दल धरतो. वाईट घेण्याबद्दल कोण धरणार? वरचा साहेब तपासतो काय, तर तारीख, सह्या आणि शिक्का."

"आणि महिला सभा? ती तर आधी घ्यायची असते ना?"

"प्रत्येक ग्रामसभेच्या आधी. ती कुठं झाली सांगू? खालच्या आळीच्या बचत गटात. शिपाई रजिस्टर घेऊन आला, म्हणाला, 'ताई, पटापटा सह्या करा, साहेब थांबलेत.' बायकांनी केल्या. वरचं पान कोरं."

आता मात्र मला राग आला, आणि तो पंचायतीवर नव्हता. "आक्का, त्याच बायका गटात कशा असतात, पाहिलंय ना तुम्ही? बैठक आठवड्याच्या आठवड्याला. मागचं वाचल्याशिवाय पुढचं नाही. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, कर्ज कुणाला द्यायचं ते सगळ्यांनी ठरवायचं. परवा हिशेबात 20 रुपये कमी भरले, तर सचिवबाईंना दिवेलागणीपर्यंत उठू दिलं नाही!"

"तेच तर. 20 रुपयांसाठी सचिवाला बसवून ठेवतात, आणि गावाच्या लाखांसाठी कोऱ्या पानावर सही. गटातला पैसा आपला वाटतो, पंचायतीतला सरकारचा. तिथंच आपण फसतो. घरपट्टी, पाणीपट्टी कोण भरतं? वित्त आयोगाचा निधी कुणाच्या नावानं येतो?"

"त्याचंही विचारलं काल एका पोरानं. दिव्याचे खांब कधी बसणार म्हणून. भाऊसाहेब म्हणाले, निधी बंधित आहे, खांबाला चालत नाही."

"अर्धं खरं आहे ते. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठी. पण 40 टक्के अबंधित होता ना? तो कशावर गेला, हे विचारायचं. त्यासाठी माइकही नको. ई-ग्रामस्वराज उघडलं, की गावाचा आराखडा आणि खर्च मोबाइलवर दिसतो. त्या पोराला सांग, पुढच्या वेळी आकडा घेऊन उभा राहा. नुसतं 'खांब कधी' म्हटलं की उत्तर मिळतं 'बघू'. आकडा दाखवला की भाऊसाहेब चष्मा लावतात."

"पण आक्का, सगळीकडे असंच असेल ना?"

"नाही गं. आम्हाला एकदा हिवरे बाजारला नेलं होतं. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, त्यावरून यंदा कुठलं पीक घ्यायचं, हे तिथं ग्रामसभेत ठरतं. शेतीला बोअर मारायचा नाही, हे गावानंच ठरवलं आणि पाळलं. गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे, तिथं सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा करतात. हिवरे बाजारला कायदा निराळा आणि आपल्याला निराळा, असं आहे का? तिथं माणसं उठत नाहीत, एवढाच फरक."

तेवढ्यात आक्कांच्या सूनबाईंनी आतून हाक मारली, कुकरच्या शिट्ट्या कुणीच मोजल्या नव्हत्या. जाता जाता आक्कांनी मला यादीच दिली. तहकूब सभेची तारीख पंचायतीच्या फळ्यावरून स्वतः पाहून यायची आणि गटाच्या बैठकीत सांगायची. त्या दिवशी गटातल्या सगळ्याजणींनी एकदम जायचं, म्हाताऱ्या मावशींना पुढं बसवायचं. कालच्या सभेचं प्रोसिडिंग मोठ्यानं वाचायला लावायचं. नाही वाचलं, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. 10 रुपये अर्जाचे आणि पानामागे 2 रुपये, एवढाच खर्च. आणि 2 ऑक्टोबरच्या सभेआधीची महिला सभा गटाच्या घरात नाही, पंचायतीच्या सभागृहात घ्यायला लावायची, कारण पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं बोलणं त्याच दिवसांत सुरू होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी आता प्रत्येक कुंपणावरून सांगत सुटले आहे: बायांनो, सही सभेला आल्याची म्हणून घेतात, आणि मग तीच ठरावाची होते. ठराव लिहून होऊ दे, सगळ्यांसमोर वाचून होऊ दे, मग सही करा. तोवर रजिस्टर कितीही वेळा फिरलं, तरी पेन पदराला बांधून ठेवा.